नऊ हिवाळ्यांची पेटी

२ डिसेंबर

चिमे,

आशीर्वाद. तू विचारलंस, दादा, घरात एकटा दिवसभर करतोस काय. माझ्या सुतारकामाच्या दुकानात नसलो की बघत बसतो, हे उत्तर. ज्या खुर्चीवर बसून लिहितोय ती मी केलेली. टेबल मी केलेलं, नऊ माणसं रेलली तरी डुगडुगत नाही. स्वयंपाकघरातली मांडणी, जिन्याचा कठडा, तळघराचं दार, दाराची कडी, कडीचा खिळासुद्धा लेथवर मीच काढलेला. तुझ्या वहिनीच्या चष्म्याचं घर. तुझ्या लग्नात दिलेलं कपाट. त्याचं दार अजून आवाज न करता लागतं की नाही ते कळव. यातलं काही कुणी शिकवलं नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं डोळ्यांनी चोरलं आणि हातांनी फेडलं. बागेतली 'दौत' पण मीच केली, बी पेरून, नको ती रोपं उपटून, सहा उन्हाळे. असा शाईसारखा काळपट लाल डेलिया, पाकळीच्या टोकाला दुधाचा थेंब, दुसऱ्या कुणाकडे असेल तर दाखवावा. नाव मात्र तुझ्या वहिनीचं. पहिलं फूल बघून म्हणाली होती, "ही तर शाईची दौत सांडली."

आणि सगळ्यांच्या वर ती पेटी.

तू ती पाहिली आहेस, पण नीट पाहिली नाहीस. बायका पेटीत काय आहे ते बघतात. साग, पाऊण इंच. चारी कोपरे दातात दात बसवलेले, एक खिळा नाही. आतून जस्ताचा पत्रा. झाकणाखाली लोकरीच्या नमद्याची पट्टी. तो पत्रा कापताना तुझ्या वहिनीनं दुसरं टोक धरलं होतं, तेव्हा तिचा उजवा अंगठा आडवा चिरला. वण शेवटपर्यंत होता. पेटी मी पाण्याच्या हौदात बुडवून तपासली होती. बुडबुडा आला नाही.

पहिलं दव गोठून पानं काळी पडली की डेलियाची खोडं कापायची, कंद खणायचे, उलटे टांगून वाळवायचे, प्रत्येकाला नंबर ठोकलेला बिल्ला बांधायचा, भुशात निजवायचे, झाकण लावून सांध्यावर लाख ओतायची आणि लाख ऊन असताना वर माझा अंगठा. मग मार्चपर्यंत कुणी हात लावायचा नाही. हे तुला पाठ आहे. नऊ हिवाळे झाले, एक कंद कुजला नाही. गावातल्या फुलवाल्यांचे निम्मे जातात. माझा एक नाही.

ही गोष्ट बागेचं सामान विकणाऱ्या एका कंपनीच्या कानावर गेली. त्यांचा माणूस घरी येऊन गेला. गळ्यात टाय, बुटाला चिखल लागू नये म्हणून वाफ्यांमधून बगळ्यासारखा चालला. त्याला पेटीचा नकाशा हवाय, कंपनीच्या नावानं अशा पेट्या करायच्या आहेत, वर पितळी पट्टी, 'नऊ हिवाळे, एकही कंद गेला नाही'. मार्चात त्याच्यासमोर लाख फोडायची. मग सही. आकडा पत्रात लिहीत नाही, पोस्टमनही माणूसच आहे.

म्हणून यंदा दर वर्षीसारखे 'दौत'चे एक-दोन कंद तुला पाठवत नाही. त्याला भरलेली पेटी दाखवायची आहे. तुझ्याकडे तुझे चार-दोन आहेतच.

ती असती तर म्हणाली असती, "आता टायवाल्याला चहा तरी बऱ्या कपातून द्या." तेवढंच राहिलं.

तुझा,
दादा

*

११ डिसेंबर

दादा,

नमस्कार. कपाटाचं दार आवाज करत नाही. आत माझ्या साड्या मावत नाहीत, तो तुझा दोष नाही.

कंपनीचं वाचून ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, "तुझा भाऊ आता आपल्याला ओळख देणार नाही." मी हसले, पण दादा, खरं सांगू, तुझं पत्र मी परत दोनदा वाचलं. वहिनीला जाऊन दोन महिने होतात न होतात तोच हे सगळं. तू तब्येतीनं घे.

एक विचारू? यंदा पेटी जरा लवकर उघडलीस तर? जानेवारीत. एकदा आत नजर टाकायची, भुसा खालीवर करायचा, परत लावायची. तू कंद खणलेस तेव्हा तुझं मन थाऱ्यावर नव्हतं. एखादा ओला राहिला असेल. बिघडतं काय बघायला?

नाहीतर मी फेब्रुवारीच्या शेवटी येते. वहिनी दर वर्षी माझ्याकडे यायची, यंदा मी तुझ्याकडे. चार दिवस राहीन. तळघरही झाडून देईन. तू दुकानात जा, मला तुझं घर नवं नाही.

तुझी,
चिमी

*

१९ डिसेंबर

चिमे,

तुझं पत्र वाचून करमणूक झाली. माझं मन थाऱ्यावर नव्हतं हे खरं, पण माझे हात थाऱ्यावर असतात. कंद बारा दिवस उलटे टांगले होते. एकही ओला नाही.

आणि जानेवारीत उघडायचं म्हणजे? लाख फोडून? मग ती लाख कशाला आणि अंगठा कशाला? भाकरी फुगताना तव्यावर दर क्षणाला उलटतेस का तू? टायवाल्याला मी शब्द दिलाय की सील त्याच्यासमोर तुटेल.

तुम्हा बायकांना झाकण दिसलं की उघडावंसं वाटतं. ही पण तशीच. तीन-चार वर्षांमागे जेवता जेवता म्हणाली, "झाकणाला एक भोक पाडलं तर? त्यांना थोडी हवा नको का?" मी म्हटलं, "तू तुझ्या पातेल्याच्या झाकणाकडे बघ, हे मी बघतो." परत कधी बोलली नाही. पटलं असणार.

ये जरूर. आख्ख्या जगात नणंदेकडे माहेरपणाला जाणारी एकच भावजय होती, ती गेली. जाताना भरलेली पिशवी, येताना भरलेली पिशवी. मी विचारायचो, "काय आणलंस?" तर म्हणायची, "तुमच्या बहिणीची माया." आता तू आलीस तर पिशवी मी भरून देईन. पण तळघर झाडायचं नाही. टायवाला येऊन गेल्यापासून तिथली किल्ली माझ्या कमरेला असते.

मेहुण्यांना नमस्कार. म्हणावं, ओळख देईन.

दादा

*

२४ फेब्रुवारी

दादा,

मला येता येत नाही. हे गच्चीची पन्हळ साफ करायला शिडीवर चढले, आणि शिडी एकीकडे, हे एकीकडे. मांडीचं हाड. दीड महिना पलंग. पाणी द्यायलासुद्धा मीच. तुझ्या शेजाऱ्यांच्या फोनवर बोलायची ही गोष्ट नाही, म्हणून लिहिते.

दादा, आजवर तुझं ऐकलं, आज माझं ऐक. टायवाला यायच्या आधी पेटी तू एकट्यानं उघड. सील मोडलं तर मोडलं, परत लाख ओत, त्याला काय कळतंय. पण आधी तू बघ. एकटा. का, ते विचारू नकोस. तू माझा थोरला भाऊ आहेस, आणि तुझी फजिती कुणा परक्यासमोर व्हावी हे मला बघवणार नाही.

हे पत्र मिळाल्याबरोबर उघड. मी पार्सल पाठवायची व्यवस्था बघते आहे, पण ह्यांना सोडून पोस्टापर्यंत जाणं कठीण झालंय.

चिमी

*

४ मार्च

चिमे,

उघडली. तुझं पत्र त्याआधी आलं होतं. वाचलं आणि रागानं खिशात ठेवलं. म्हटलं, हिला माझी फजिती दिसते कुठून.

टायवाला साडेदहाला आला. बऱ्या कपातून चहा दिला. खाली नेलं. त्यानं लाखेचा फोटो काढला, मग मी पटाशीनं लाख उडवली. झाकण उचललं तेव्हा ते सुटेना. नेहमी हलकं येतं. आतून कुणी धरून ठेवल्यासारखं झालं. मग सुटलं आणि वास आला.

तो वास तुला कसा सांगू. दोन पावलं मागे जाऊन त्यानं रुमाल नाकाला लावला आणि विचारलं, "आत काय होतं?"

होतं, म्हणाला.

झाकणाच्या पत्र्यावर थेंब लोंबत होते. भुसा काळा, चिखलासारखा. मी हात घातला तर हाताला कंद लागेना, साल लागली. आत पाणी. एक उचलला, तो बोटांमधून खाली गेला आणि बिल्ला हातात राहिला. सतरा नंबर. दुसरा, तिसरा. सगळे. तळाचे तर एकमेकांत मिसळून गेले होते. त्यावर पांढरी लव आली होती, मांजराच्या पोटासारखी. एकाला कोंबाचा डोळा राहिला नाही, चिमे. एकालाही.

मी बसलो. स्वतःच्या तळघरात, स्वतः केलेल्या पायरीवर. टायवाला मागे काहीतरी बोलत होता. मला ऐकू येत होतं, पण समजत नव्हतं.

तीच पेटी. तोच भुसा, तीच लाख, तेच तळघर. नऊ वर्षं नाही आणि आज हे. मी काय चुकलो? रात्रंदिवस एकच विचार करतोय, हातून कुठली पायरी सुटली. एकही सुटलेली नाही.

आणि तुला आधी कसं कळलं? ते मला सांग. आडपडदा न ठेवता.

दादा

*

१० मार्च

दादा,

सांगते. बसून वाच.

तुझ्या हातून काही चुकलेलं नाही. यंदा पेटीत जे झालं ते दर वर्षी व्हायचं. नऊही वर्षं.

पहिल्या हिवाळ्यात वहिनी तळघरात बटाटे काढायला गेली आणि तिला वास आला. तू बाजारात गेला होतास. तिनं लाख फोडून बघितलं. तू आता जे बघितलंस तेच तिनं बघितलं. त्या वर्षी कारखान्यानं तुला घरी बसवलं होतं आणि काल आलेल्या, शिक्षणाचा कागद मिळवलेल्या पोराला तुझ्या मशिनीवर उभं केलं होतं, आठवतंय? तू कुणाशी बोलत नव्हतास. सहा महिने तू फक्त ती पेटी केलीस. वहिनी दुसऱ्या दिवशी बस धरून माझ्याकडे आली, चपला न काढता दारात बसली. म्हणाली, "चिमे, ती पेटी आहे म्हणून ते जेवायला वर येतात. हे मी त्यांना दाखवू शकत नाही."

माझे कंद चांगले होते, तूच दिलेल्या 'दौत'चे. माझं काय, जिन्याखाली फळांचं उघडं खोकं, त्यात कोरडी वाळू, वर गोणपाट. येता-जाता एखादा हातानं दाबून बघायचा, नरम लागला तर काढायचा. एवढंच. तुला मी चार-दोन म्हणून सांगत आले. चाळीसच्या वर असतात. तू नावं ठेवशील म्हणून मोठी फुलं तू यायच्या आधी कापायचे.

आम्ही दोघींनी जमिनीवर बसून कंद निवडले. वहिनी घरून सुतळीचे तुकडे आणायची, तुझ्या प्रत्येक कंदाच्या लांबीचे, ते वाळत टांगलेले असताना मापलेले, गाठी मारून नंबर ओळखायचे. सतराला दोन गाठी आणि एक वेढा. तुझ्या नजरेतून सुटणार नाही याची तिला धास्ती असायची. पिशवीतून घेऊन जायची. तू दुकानात असताना पेटी रिकामी करायची, सडका माल बागेत मागच्या बाजूला पुरायची, पत्रा सोड्यानं धुवायची, उन्हात धरायची, नवा कोरडा भुसा, माझे कंद, तुझे बिल्ले. परत लाख. मग तू उघडायचास आणि तिला खाली बोलवायचास, "ये, बघ." ती यायची. दर वर्षी यायची.

पुढच्या वर्षी सांगू, असं आम्ही दर वर्षी म्हणायचो. पण दुसऱ्याच वर्षी तुला फुलांच्या प्रदर्शनात मान मिळाला. मग ते आणखी अवघड झालं. भोक पाडायचं तिनं सुचवलं ते काही उगीच नव्हे. पातेल्याच्या झाकणाखाली वाफ धरते, हे तिला ठाऊक होतं.

आजारपणात मी शेवटचं भेटले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "फेब्रुवारीचं बघशील ना?" मी हो म्हटलं. आणि ह्यांनी शिडी लावली.

मला शिव्या दे. तिला देऊ नकोस.

चिमी

*

१३ मार्च

चिमे,

हे खोटं आहे.

दुःखात माणसं काहीबाही जुळवतात, तू जुळवलंयस. चौतीस वर्षं मी त्या बाईबरोबर राहिलो. तिनं साखर जास्त घातली तरी मला चेहऱ्यावरून कळायचं. लाखेवर माझा अंगठा असायचा. ती फोडली असती तर मला दिसलं नसतं?

पत्र लिहू नकोस.

दादा

*

१७ मार्च

दादा,

पत्र लिहीत नाही. पार्सल पाठवते. शेजारीण ह्यांच्यापाशी बसली म्हणून पोस्टात जाता आलं. सत्तावीस आहेत, सगळ्यांना डोळे आहेत. सुतळ्याही ठेवल्या आहेत, गेल्या वर्षीच्या. ती इथे विसरली होती.

चिमी

*

२९ मार्च

चिमे,

पार्सल मिळालं. तीन दिवस उघडलं नाही.

माझ्याकडे एक पत्र्याचा डबा आहे. दर मार्चात फोडलेली लाख मी त्यात टाकतो. एकदा वितळलेली लाख ठिसूळ होते, परत वापरण्याजोगी राहत नाही, आणि टाकून देणं माझ्या स्वभावात नाही. डबा टेबलावर उपडा केला. घड्याळं दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावलं.

यंदाचा तुकडा टायवाल्यानं हातात दिला होता, तो वेगळा होता. त्यावर माझा अंगठा आहे. रुंद, रंध्याच्या घट्ट्यानं मधली रेघ पुसलेली.

बाकीचे नऊ एका ओळीत मांडले. नवाच्या नऊ तुकड्यांवर अंगठा लहान आहे. आणि प्रत्येकावर, एकाच जागी, आडवा वण.

मी दर वर्षी तो तुकडा हातात धरून डब्यात टाकला. सुताची फट मला दहा हातांवरून दिसते. सांध्यात केस गेला तर मी सांधा उकलून परत बसवतो. आणि माझ्या हातातल्या लाखेवर कुणाचा अंगठा आहे, हे मी एकदाही बघितलं नाही. माझाच असणार, एवढं मला ठाऊक होतं.

भिंग डोळ्याला तसंच ठेवून मी एकेक तुकडा परत उचलला. तिच्या अंगठ्याच्या रेघा मी पहिल्यांदा बघत होतो. त्या वणाच्या डाव्या बाजूला एक भोवरा आहे. चौतीस वर्षांत मला माहीत नव्हता.

मग बागेत मागच्या बाजूला गेलो. कुंपणाशी जिथे दर वर्षी गवत कमरेएवढं वाढतं, आणि मी म्हणायचो की इथली माती आपोआप कशी सुधारली, तिथे खणलं. फावड्याला एक बिल्ला लागला. अॅल्युमिनियम आहे, गंजत नाही. चार नंबर. एकदा तिच्याकडून सुटला असणार, कारण सहा वर्षांपूर्वी मला चार नंबर परत ठोकावा लागला होता, आणि तेव्हा तिनं मला शांतपणे सांगितलं होतं की तुमच्या दुकानातच पडला असेल.

तुझं पार्सल उघडलं. सुतळ्यांच्या गाठी मोजल्या. तिची गाठ मला ओळखू येते, दुसरा वेढा ती उलटा घ्यायची. हे मला शिकवता आलं नव्हतं.

कंद चांगले आहेत. माझे इतके चांगले नसते. फळांच्या उघड्या खोक्यात, तुझ्यासारखे कोरड्या वाळूत, गोणपाटाखाली ठेवलेत. खोकं मी केलेलं नाही, भाजीवाल्याकडून मागून आणलं. सतरा नंबरच्या सुतळीएवढा जो आहे त्याच्या डोळ्यातून काल लाल टोक दिसलं. हरभऱ्याच्या डाळीएवढं. रोज सकाळी प्रत्येकाला अंगठ्यानं दाबून बघतो.

पेटीत आता पटाश्या ठेवल्या आहेत. पटाशीला श्वास लागत नाही.

मेहुण्यांचं हाड कसं आहे? पलंगाला टेकायला हवं असेल तर एक रेलणं करून पाठवतो, माप कळव. शिडी मात्र विकून टाका.

टायवाला काल परत आला. मला वाटलं होतं तो येणार नाही. चिखलातून सरळ आला, बूट बघितले नाहीत. म्हणाला, "काका, माणूस गेल्यावर एखादं वर्ष असं होतं. तुमचं लक्ष नव्हतं, कंद ओले राहिले. आम्ही समजू शकतो. नऊ वर्षं तर खरी आहेत ना?"

मी म्हटलं, "खरी आहेत. पण ती पेटीची नाहीत."

"मग कशाची?"

"उघड्या खोक्याची, वाळूची आणि एका बाईची. त्याचा नकाशा देऊ का?"

तो हसला. म्हणाला, "गोणपाटाला कोण पैसे देतं, काका. पेटी देखणी आहे, लोक पेटीला पैसे देतील. एक वर्ष कंद गेले, तर लोक म्हणतील आपणच चुकलो." ते मला चांगलंच ठाऊक आहे, मी महिनाभर तेच म्हणत होतो. त्यानं कागद टेबलावर ठेवला, पेन काढून वर ठेवलं. पितळी पट्टीचा नमुनाही आणला होता. अक्षरं कोरीव, सुबक. नऊ हिवाळे, एकही कंद गेला नाही. त्याच्या शेजारी लाखेचे नऊ तुकडे अजून ओळीत मांडलेलेच होते. त्यानं विचारलं, हे काय. मी म्हटलं, सही.

चहा दिला, बऱ्या कपातून. कागद घडी घालून त्याच्या हातात परत दिला आणि कठड्याला धरून त्याला दारापर्यंत सोडलं.

डिसेंबरात आकडा लिहिला नव्हता. आता पोस्टमननं वाचला तरी चालेल. पेटीचा नकाशा आणि पट्टीवरची ती ओळ, दोन्ही मिळून ते मला सहा लाख चाळीस हजार देत होते. मी नाही म्हटलं.

तुझा,
दादा